पाचशे वर्षांचा घोडा

"पाचशे वर्षांपूर्वी मेलेला रणमल घोडा उद्या सकाळी मैदानात उभा करा!" करडगावच्या भुजंगराजांचा हुकूम सुटला आणि पागेचा मोतद्दार हैबती मटकन खाली बसला.

राजांना खूळ लागलं होतं. त्यांचे मूळपुरुष प्रतापराजे यांनी पाचशे वर्षांपूर्वी याच रणमलवर बसून बोथट भाल्यांची दरबारी झुंज जिंकली होती. तीच झुंज यंदाच्या जत्रेत हुबेहूब करून दाखवायची! पाचशे वर्षांपेक्षा नवं काही मैदानात शिरू नये म्हणून फाटकावर चोपदार बसवला. त्याने दिवाणजींचं घड्याळसुद्धा काढून घेतलं. त्या काळी आपल्याकडे मिरची नव्हती, म्हणून मुदपाकखान्यातून मिरची हद्दपार झाली आणि अख्खा दरबार आठ दिवस मिरीची आमटी तोंड वाकडं करून ओरपत होता. खुद्द राजांनी चष्मा उतरवला. परवा त्यांनी हौदाकाठच्या म्हशीला "या राणीसाहेब" म्हटलं! म्हैस बिचारी मनाची मोठी, काही बोलली नाही.

"घोडा नाही आला, तर पाग सोडून चालते व्हा," असं राजांनी बजावलं होतं. हैबतीच्या चार पिढ्या त्या पागेत गेल्या होत्या.

"सगुणे, आता कुठं जायचं गं आपण?" तो लेकीला म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

सगुणा बिजली घोडीच्या पाठीवर खरारा करतच राहिली. "कुठं न्हाई जायचं, आबा. तुमी फक्त उद्या माझ्या मागं उभं राहा."

सकाळी राजे चिलखत घालून फाटकाशी आले. "रणमल कुठे आहे?"

"हाय की, महाराज!" सगुणा पुढे झाली. "पर आधी फाटकाचा नेम. चोपदारकाका, इचारा!"

चोपदाराने मान खाली घालून विचारलं, "महाराज... वय?"

"सेहेचाळीस!"

"अगं बाई!" सगुणा म्हणाली. "चारशे चोपन्न वर्सं कमी पडली! तुमाला आत न्हाई जाता यायचं."

जत्रेला जमलेले लोक ऐकायला पुढे सरकले. राजे लालबुंद झाले. "अगं पोरी, मी प्रतापराजांचा सतरावा वंशज! तेच रक्त, तेच नाक! मी आत गेलो म्हणजे प्रतापराजेच आत गेले!"

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" सगुणाने शीळ घातली. गवताच्या गंजीमागून बिजली दुडक्या चालीनं आली. "ही रणमलची बासष्टावी पिढी, महाराज. तेच रक्त, तेच नाक! ही आत गेली म्हंजी रणमलच आत गेला. मधली नावं आबांना तोंडपाठ हायेत."

"रणमलचा शेरा, शेऱ्याची चंद्री, चंद्रीचा वादळ..." हैबतीने डोळे मिटून सुरुवातही केली.

"पुरे, पुरे!" राजे इतके हसले की शिरस्त्राण नाकावर उतरलं. "हैबती, पाग तुझी! तुझ्या पुढच्या बासष्ट पिढ्यांची! दिवाणजी, आधी माझा चष्मा आणा!"

"पण महाराज, चष्मा नवा आहे..."

"असू दे! डोळे प्रतापराजांचेच आहेत! सगुणे, तुला काय बक्षीस हवं?"

"टोपलंभर हिरव्या मिरच्या द्या, महाराज. समद्या दरबाराला ठेचा खाऊ घालते."

राजांच्या तोंडाला पाणी सुटलं. "दोन टोपली आणा रे!" ते ओरडले. "झुंज जेवणानंतर!"