दूर्वाचं नाव

डोंगराच्या कुशीत, पेंढ्याने शाकारलेल्या एका इवल्याशा झोपडीत शेवंती नावाची नऊ वर्षांची मुलगी राहत होती. तिचे बाबा पावसाळ्यात नदीच्या पुरात गेले. त्यानंतर तिला एक बहीण झाली, पण आई तापाने अंथरुणाला खिळली. आणि बाळ? बाळ रडायचंच नाही. डोळे मिटून झोळीत पडलेलं असायचं, आणि रोज थोडं थोडं हलकं होत चाललं होतं.

बारावा दिवस उजाडला. शेजारची ठकूमावशी म्हणाली, "आज बारसं गं. पण घरात काहीच नाही. निदान चार फुलं तरी आण, पोरी."

शेवंती रानात धावली. उन्हं कलू लागली होती. एका धावड्याच्या खोडाशी तिला बारीक हुंदका ऐकू आला. सोनेरी डिंकात एक चिमुकली परी अडकली होती! तिचे निळे-जांभळे पंख डिंकाला चिकटून बसले होते.

घरी जायला उशीर होत होता. तरी शेवंती गुडघ्यांवर बसली. उबदार फुंकर घालून घालून तिने डिंक मऊ केला आणि एकेक पंख अलगद सोडवला.

परी भुर्रकन उडाली. तिच्या पंखांतून चांदण्यांचा चुरा सांडला.

"शेवंती, तुझी बहीण का रडत नाही, ठाऊक आहे? तिला अजून नाव नाही. बारा दिवस बिननावाचं राहिलेलं बाळ सूर्य बुडताच धुक्यासारखं विरून जातं."

"मग मला नाव दे ना, परीताई! लवकर दे!"

परीने हात फिरवला. समोर एक झगमगती बाग उलगडली. "इथे प्रत्येक फुलात, प्रत्येक पात्यात एक नाव आहे. फक्त एकच खुडायचं. तेच होईल तिचं नशीब."

लाल फूल म्हणालं, "मी राजसी! माझ्यामागे महाल येतील." पिवळं म्हणालं, "मी सुवर्णा! सोन्याने मढवीन." शेवंतीने हात पुढे केला. महाल! सोनं! आईला औषध!

तेवढ्यात तिला पायाखाली काहीतरी मऊ लागलं. तिने पाय उचलला. तुडवलेलं हिरवं पातं हळूहळू पुन्हा उभं राहिलं.

"मला ही दूर्वा हवी," शेवंती म्हणाली. "माझ्या बहिणीला आधी जगायचंय."

परी हसली, पण लगेच गंभीर झाली. "मधलं नावही लागेल, तिच्या पाठीशी उभं राहणारं. ते जित्या माणसाचं हवं. आणि ज्याचं नाव देशील, त्याच्याकडे ते उरणार नाही. सगळे त्याला विसरतील."

बाबा तर नव्हते. आईचं नाव? आईला आम्ही विसरलो, तर तिला पाणी कोण देईल?

सूर्य डोंगराला टेकला होता.

शेवंती वाऱ्यासारखी पळत सुटली. काटे रुतले, ओढ्यात पाय घसरला, दूर्वेचं पातं मात्र मुठीत घट्ट होतं. झोपडीत शिरली तेव्हा झोळीतलं बाळ पांढुरकं दिसत होतं. त्याच्या बोटांच्या आरपार पलीकडची चिंधी दिसत होती!

तिने पातं बाळाच्या उशाशी ठेवलं आणि कानात कुजबुजली, "दूर्वा शेवंती."

बाळाने डोळे उघडले. गाल गुलाबी झाले. आणि मग असा काही टाहो फोडला, की छपरावरचे पारवे उडाले!

आई धडपडत उठून बसली. तिची नजर शेवंतीकडे वळली. "तू कोण गं, बाळा? कुणाची?"

शेवंतीने तोंड उघडलं. तिलाही स्वतःचं नाव आठवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"नाव काय ठेवलं?" ठकूमावशीने विचारलं.

"दूर्वा... दूर्वा शेवंती," मुलगी स्फुंदत म्हणाली.

आईने झोळी हलवत ते नाव म्हणून पाहिलं. "दूर्वा शेवंती... शेवंती..." ती थबकली. नऊ वर्षं हजारदा उच्चारलेलं ते नाव तिच्या जिभेला ओळखीचं लागलं. तिने त्या रडणाऱ्या मुलीकडे पाहिलं आणि एकदम हाक मारली, "शेवंते! अगं, माझी शेवंती!"

"ओ, आई!" शेवंती तिच्या गळ्यात पडली.

झोपडी मोतिया उजेडाने भरून गेली. परी उंबऱ्याशी तरंगत होती. "मी नाव घेतलं होतं," ती हळूच म्हणाली, "पण आईने हाक मारून परत मिळवलेलं नाव माझ्याच्याने ठेवून घेववत नाही. शेवंती, तुझं तुला. तिचं तिला. दोघींचं एकच!"

तिने आईच्या कपाळाला बोट लावलं. ताप उतरला. मग परी उजेडात विरघळली आणि तो उजेडही मावळत्या उन्हात मिसळून गेला.

दूर्वा मात्र भुकेने रडतच होती, आणि त्या रडण्याचं तिघींनाही केवढं कौतुक! त्यांचं घर जसं त्या आवाजाने भरलं, तशी तुमची-आमची घरं लेकरांच्या आवाजाने भरोत.