झेलूच्या चित्रातलं गाव

निळ्यानिळ्या डोंगरांच्या ओंजळीत पाखरवाडी नावाचं चिमुकलं गाव होतं. पण गावाचा झरा आटला होता आणि उद्या सारेच गाव सोडून जाणार होते. इवल्याशा झेलूला मात्र इथेच राहायचं होतं.

देवराईतलं गळलेलं पानही घरी न्यायचं नाही, ही गावाची रीत. त्या सकाळी देवराईचा निरोप घेऊन आलेल्या झेलूच्या केसांत एक हिरवं पान अडकून आलं. ते परत ठेवायला ती अनवाणी पुन्हा डोंगर चढली.

पान मातीला टेकलं आणि त्यातून काजव्याएवढी सोनेरी परी उठली.

"एवढ्याशा पानासाठी आलीस, बाळ?"

"ते इथलं आहे," झेलू म्हणाली.

परीने तिला रंगांनी चमचमणारी शिंपली दिली. "तुझं गाव रंगव. काढशील ते खरं होईल. पण चित्रात जे नसेल, ते गावातही उरणार नाही. आणि रंग एवढेच."

झेलूने धावत येऊन सगळ्यांना हे सांगितलं आणि देवळाच्या भिंतीवर बोटं फिरवली. आधी रुपेरी झरा, मग जांभळे डोंगर, नाचणीची हिरवी शेतं, लालचुटुक कौलं, कोंबडीची पिवळी पिल्लं, आई, एकेक शेजारी.

"रंग पिऊन तहान भागते का गं?" रखमाकाकूने टोमणा मारला. ती रोजच मारायची.

शिंपलीत आता एकच थेंब उरला होता आणि चित्रात नव्हत्या दोघीच, काकू आणि झेलू. झेलूने क्षणभर काकूकडे पाहिलं. मग केशरी लुगड्यातली ठसठशीत काकू काढली.

झेलूचे हात धुक्यासारखे विरळ होऊ लागले. आई तिला कवटाळायला धावली, पण मिठीत काहीच येईना.

रखमाकाकू भिंतीकडे धावली. भिंतीवरचा रंग अजून ओला होता. तिने चित्रातल्या आपल्याच पदराचा केशरी रंग बोटाने निपटला आणि शेजारी एक वेडीवाकडी, हसरी पोर काढली.

झेलू आईच्या मिठीत गच्च सापडली. डोंगरावरून झरा खळखळत उतरला आणि त्याच्याबरोबर परीही आली.

"हे मलाही सुचलं नसतं," परी हसून म्हणाली आणि लखलख उजेडात मिसळून गेली.

पाखरवाडी कुणीच सोडली नाही. रखमाकाकूच्या लुगड्याचा पदर मात्र पांढराफेक झाला. नवं लुगडं घे म्हटलं, तर ती तोच पदर खांद्यावर नीट पसरते आणि ताठ मानेने सांगते, "याचा रंग आमच्या झेलूला लागलाय."