अर्ध्या खाडीचा दोर

एका खाडीला दोन काठ होते आणि दोन्ही काठांवर एकेक गाव. अलीकडे मुरवेळ, पलीकडे काजणे. खाडी एवढी रुंद होती की या काठावरची हाक त्या काठावर पोचत नसे. पण दोन्ही गावांचा जीव मात्र एकाच दोराला बांधलेला होता.

समुद्रावर चाच्यांचा वावर होता. भरतीबरोबर त्यांची गलबतं खाडीत घुसत, घरं जाळत, माणसं धरून नेत. म्हणून जुन्या लोकांनी एक तोड काढली होती. काथ्याचा मांडीएवढा जाड दोर वळायचा आणि त्यात ओंडके ओवायचे. अर्धा दोर मुरवेळने करायचा, अर्धा काजण्याने. आपापल्या काठावरच्या खुंटाला एक टोक पक्कं बांधायचं. चाच्यांची चाहूल लागली की दुसरं टोक होडीतून मध्यावर न्यायचं आणि तिथे गाठ मारायची. गाठ बसली की खाडीचं दार बंद. एकट्या अर्ध्या दोराने मात्र म्हशीचं रेडकूसुद्धा अडलं नसतं.

पावसाळा सरला की दरवर्षी गाठ मारून बघायची रीत होती. दोन्ही गावांचे पाटील आपापल्या होडीतून मध्यावर यायचे आणि होड्या एकमेकींना बांधायचे. मग वर्षभरात मनात साचलेलं सगळं बोलायचं. तुमच्या पोरांनी आमची जाळी फाडली, तुमच्या पहारेकऱ्याला डुलकी लागते, काय असेल ते. बोलणं संपेपर्यंत होड्या सोडायच्या नाहीत. कधी ऊन कलायचं, कधी पाटलांना उपास घडायचा, पण मन मोकळं करूनच माणसं घरी जायची.

मुरवेळचा पाटील होता धर्माजी. काजण्याचा लायाजी. दोघांचा स्नेह इतका की धर्माजीने आपली एकुलती मुलगी मंजुळा लायाजीच्या मुलाला दिली. दोन्ही गावांना वाटलं, आता दोर आणखी घट्ट झाला. झालं उलटंच. इतके दिवस ते दोन पाटील होते, आता ते व्याही झाले.

मंजुळाच्या पहिल्या सणाला धर्माजी काजण्याला गेला. पंगतीत त्याचं पान दुसऱ्या रांगेत मांडलं होतं. कुणी मुद्दाम मांडलं की गडबडीत मांडलं गेलं, हे त्याने विचारलं नाही. तो गुमान जेवला, हात धुतले आणि परत आला. त्या वर्षी गाठ मारायला तो स्वतः गेला नाही, गडीमाणसांना पाठवलं. लायाजीला वाटलं, मुलीचा बाप असून हा एवढा ताठतो? पुढच्या वर्षी त्यानेही गडीमाणसंच पाठवली. त्याच्या पुढच्या वर्षी कुणीच गेलं नाही. दोन्ही गावांनी आपापला अर्धा दोर आपापल्या काठावरच ओढून पाहिला, मजबूत आहे असं म्हटलं आणि गुंडाळून ठेवला.

अशात एका पावसाळ्यात पलीकडचा काठ खचला. काजण्याच्या लोकांनी खुंट उपटून मागे, पक्क्या जमिनीत रोवला. धर्माजीने हे आपल्या ओट्यावरून पाहिलं. सगळी हयात पाण्यावर गेलेला माणूस तो. खुंट मागे गेला म्हणजे त्यांचं टोक मध्यावर पोचणार नाही, हे त्याला लगेच कळलं. गलबत आरामात निघून जाईल एवढी फट राहणार होती.

त्याच्या बायकोने, भागीरथीने, त्याला जाऊन सांगायला सुचवलं. लेक तिकडे आहे, एवढंच ती म्हणाली. धर्माजी म्हणाला, काठ त्यांचा खचलाय, दोर त्यांनी वाढवावा. नाहीतर येऊन मागावा, मी काय नाही म्हणणार आहे? धर्माजी मग रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पलीकडे बघायचा. आज येतील, उद्या येतील. त्याच्या पडवीत काथ्या होता, हाताखाली माणसं होती आणि दारात होडी होती. फक्त पाय उचलत नव्हता.

मग मीठ वाहणाऱ्या गलबतावरचा एक तांडेल खबर घेऊन आला. खालच्या अंगाची दोन गावं जळून गेली होती आणि चाचे वर सरकत होते. त्या दिवशी धर्माजीने होडी पाण्यात ढकललीसुद्धा. पण गुडघाभर पाण्यात त्याला ते दुसऱ्या रांगेतलं पान आठवलं. वेळ आली की तेच धावत येतील, असं म्हणून त्याने होडी पुन्हा ओढून घेतली. माणसाचा मान म्हणजे काय चीज असते बघा. घर जळायची खबर आली तरी त्याला पंगत दिसते.

उजाडता उजाडता शिडं दिसली. दोन्ही काठांवर हाकाटी झाली. दोन्हीकडून दोर सुटले, होड्या मध्यावर धावल्या. काजण्याच्या होडीत लायाजीचा मुलगा होता, म्हणजे धर्माजीचा जावई. दोन्ही टोकं समोरासमोर आली आणि थांबली. माणसांनी अंगातलं सगळं बळ लावून ओढलं. हाताची सालटं निघाली, पण टोकं भेटली नाहीत. मधे पाणी होतं, आणि भरती त्याच पाण्यातून आत येत होती. गलबतंही तिथूनच आली. होड्यांतली माणसं सगळ्यांत आधी मेली, त्यांत तो जावईही होता.

दिवस वर येईतो दोन्ही गावांतून धूर निघत होता. मुरवेळची निम्मी घरं गेली. काजण्याची जास्त गेली. बायापोरं ओढून गलबतांवर चढवली. त्यात मंजुळा होती. धर्माजीने तिला पलीकडच्या काठावर पाहिलं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण चाल ओळखू आली. तो कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि तिथेच उभा राहिला.

आग विझली तशी माणसं एकमेकांवर पेटली. मुरवेळचे म्हणू लागले, काजणेकरांनी दोर मुद्दाम आखूड ठेवला. काजण्याचे म्हणू लागले, मुरवेळकरांनी हात आखडता घेतला. दोन्हीकडे कोयते परजले गेले. तांडेल पुन्हा आला तेव्हा त्याने सांगितलं, चाच्यांना आता इथली फट ठाऊक झाली आहे, ते परत येणार. तरी कुणी ऐकेना. आपल्याच दुःखापुढे त्यांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

धर्माजी उठला आणि एकटाच होडीत बसला. गावाने अडवलं, शिव्या घातल्या. तो मध्यावर गेला, जुन्या जागी, आणि वल्ही आत घेऊन थांबला. पलीकडे माणसं हातात दगड घेऊन उभी होती. ऊन डोक्यावर आलं, कललं. शेवटी लायाजीची होडी निघाली. तो जवळ आला तेव्हा त्याला ओळखायला धर्माजीला वेळ लागला, इतका तो वाळला होता. कुणी नमस्कार केला नाही. धर्माजीने वाकून दोन्ही होड्या बांधल्या.

"खुंट मागे गेलेला मी पाहिला होता," तो म्हणाला. "दोर पुरणार नाही हे मला माहीत होतं. तुम्ही येऊन मागाल म्हणून बसून राहिलो."

लायाजी म्हणाला, "मागायचं काय होतं, व्याही? वाढीव दोर मी वळून ठेवला होता. त्यातले ओंडकेसुद्धा ओवून झाले होते. आधी तुम्ही येऊन विचारा, मग जोडतो, असं म्हणत होतो. शिडं दिसली तेव्हा जोडायला वेळ उरला नाही, आणि पडवी जळाली तेव्हा त्यात तोही जळाला."

दोघंही म्हातारे मग रडले. एकाचा मुलगा गेला होता, एकाची मुलगी. आणि फट दोघांची होती.

त्यानंतर ते बोलायला लागले. पंगतीपासून सुरुवात झाली. ते पान कुणी मांडलं हे लायाजीला ठाऊकही नव्हतं. खुंट, दोर, पहारा, कोण कुठे कमी पडलं, सगळं निघालं. बोलता बोलता आवाज चढले, दोन्ही काठांवरची माणसं श्वास रोखून बघत राहिली. पण होड्या कुणी सोडल्या नाहीत. शेवटी असं ठरलं की इथून पुढे अर्ध्या खाडीचा दोर कुणी करायचा नाही. दोन्ही गावांनी आपला दोर मध्याच्या पुढे पोचेल एवढा करायचा. आणि दर पुनवेला इथे भेटायचं, भांडण असो वा नसो.

दोन्ही गावं कामाला लागली. जळक्या घरांच्या तुळयांचे ओंडके केले. काथ्या कमी पडला तेव्हा बायकांनी जाळ्यांचे दोर उसवून दिले. मुरवेळची माणसं काजण्यात जाऊन दोर वळायची आणि तिथेच जेवायची. कोण कुठल्या रांगेत बसलं, हे कुणी पाहत नव्हतं.

पुढच्या पुनवेच्या भरतीला शिडं पुन्हा दिसली. होड्या धावल्या, टोकं एकमेकांना ओलांडून गेली, गाठ बसली. पहिलं गलबत दोरावर येऊन थडकलं, दुसरं त्याच्यावर. दोर ताणला, करकरला, पण तुटला नाही. दोन्हीकडच्या होड्यांतून दगडगोटे सुटले. चाच्यांनी थोडा वेळ जोर केला आणि तोंडं फिरवली.

गावं वाचली होती. तरी कुणी ढोल वाजवला नाही. धर्माजी आणि लायाजी खाडीच्या तोंडाशी उभे राहून जाणाऱ्या शिडांकडे बघत होते. दार आता पक्कं बंद झालं होतं, आणि मंजुळा त्या दाराबाहेर होती.

तात्पर्य: ज्यांचं जगणं एकमेकांवर अवलंबून आहे, त्यांनी आधी कोण बोलणार याची वाट बघू नये. उणीव ज्याला आधी दिसेल त्यानेच आधी बोलावं. संकट आल्यावर केलेल्या बोलण्याने उद्या वाचतो, पण काल गेलेली माणसं परत येत नाहीत.