खिशांचा संप

आटपाट जंगल होतं. सिंह तिथला निवडून आलेला राजा. मतपेटी त्याच्याच गुहेत असायची, त्यामुळे मोजणी लवकर उरकत असे. एकदा शेजारच्या जंगलातले पाहुणे यायचे होते आणि राजाला वाटलं, आपली प्रजा अगदीच उघडी दिसते. त्याने फर्मान काढलं: सर्वांनी कपडे घालावेत, माशांनीसुद्धा.

नदीकाठी शेड उभी राहिली. जन्मभर पानं शिवून घरटी करणाऱ्या शिंपिणी पाखरांना तिथे कामाला लावलं. एक फक्त बाह्या शिवी, एक फक्त कॉलर, यमू फक्त खिसे. अख्खा सदरा कुणी पाहिलाच नव्हता. मुकादम तरस सकाळी बाहेरून कुलूप लावी. म्हणे, पाखरांना उडायची खोड असते.

यमूची तीन पिलं समोरच्या उंबरावर होती. दुपारी भरवायला जाता येईना. जाळीतून त्यांचं ओरडणं ऐकू येई आणि तिची शिवण वाकडी जाई. एका दुपारी दोनच आवाज आले.

त्या दिवशी शिंपिणींनी युनियन काढली. मागणी एकच, दुपारी दार उघडा. बोलणारं कुणीतरी हवं म्हणून राघोजी पोपटाला सरचिटणीस केलं. एका पेरूवर तो तीन तास बोले.

राजाने समिती नेमली. तीत तरस, तरसाचा मेहुणा आणि कुलूप असे तिघे सभासद होते.

मग यमूने काम न थांबवता संप केला. मंत्र्यांच्या नव्या कोटांचे खिसे तिने वरूनही शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी कारभार ठप्प. कोल्हा एकाही फायलीवर सही करेना. अस्वल तर रडकुंडीला येऊन म्हणालं, आता मी देशसेवा ठेवू कशात? तिसऱ्या दिवशी राजा नमला.

"चावी यापुढे तरसाकडे नाही," तो भरसभेत म्हणाला. "ती कामगारांच्याच प्रतिनिधीकडे राहील." राघोजीला कोट मिळाला, उघड्या खिशाचा. शेडमध्ये घोषणा झाल्या, चावी कुणाची, आपली.

दुपारी यमू दाराशी गेली.

"यमूताई, आज नको," बाहेरून राघोजी म्हणाला. "आता आपलंच राज्य आहे. आपणच काम थांबवायचं?"

"माझी दोन अजून आहेत रे."

राघोजीने ते टिपून घेतलं.

ती दोन शेजारच्या साळुंकीने जगवली. आता तीही त्याच शेडमध्ये बाह्या शिवतात. दर वर्षी संपाच्या वर्धापनदिनी आतली पाखरं हार करून जाळीतून बाहेर देतात आणि राघोजी तो कुलपाला घालतो.