ओसरीवरच्या म्हाताऱ्याचा अंगठा

चंद्राक्काला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घर विकायचं होतं. घर दणकट, पण सासऱ्यानं तिथंच फास घेतलेला. शेजारचे नानासाहेब, आमचे माजी सभापती, त्यांचा त्या घरावर डोळा. त्यांनी गावभर सांगितलं, "म्हातारा अजून ओसरीवर बसतोय. मी स्वतः बोललोय त्याच्याशी." मग गिऱ्हाईक कुठलं फिरकतंय! दवाखान्यातला कंपाउंडर घर घ्यायला निघाला होता, तोही भिऊन मागं हटला. शेवटी नानासाहेबच पंच घेऊन आले आणि निम्मा भाव बोलले. आम्ही बघेही दारात जमलो होतो.

"देते की," चंद्राक्का म्हणाली. "पण मामंजी ओसरीवर बसलेले असताना सुनेनं परस्पर घर विकावं का? तुमची त्यांच्याशी बोलचाल आहे. तेवढा त्यांचा अंगठा घेऊन या." तिच्या अंगठ्यासाठी आणलेलं शाईचं पॅड तिनं नानासाहेबांच्याच पुढं सरकवलं.

पंचांनी हसू दाबलं. मी कशाला दाबतोय!

नानासाहेब तांबडेलाल झाले. "अगं आक्का, मेलेला माणूस कुठला बसतोय? कुणी नाही तिथं!"

"पंच, ऐकलंत न्हवं? मग भाव पुरा."

बघ्यांत उभ्या असलेल्या कंपाउंडरनं तिथंच पुऱ्या भावाचा विसार दिला.

आता नानासाहेब दिसले की मी रामराम घालतो आणि विचारतो, "काय म्हणतोय म्हातारा?"