मोठं वाक्य

“मंग मोठं वाक्य कवा शिकवता, भंतेजी?”

भंते विहारासमोरचा पाला झाडत होते. खराटा थांबला नाही.

“लहान येतात?”

“येतात ना जी. सिट. ईट. कम फास्ट. ब्रश युअर टीथ. लहानांनी तर आता जीव विटला.”

पंचशीला सातवी शिकलेली. नवरा हैदराबादेकडे इमारतींच्या कामावर, सासर दूर गावी. टेकडीखालच्या वस्तीत दोन खोल्या, त्यात ती आणि पहिलीतली लेक सम्यका. चीवर घेऊन भिक्षू होण्याआधी भंते कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून भोजनदानाचा डबा घेऊन ती टेकडी चढायची आणि रिकाम्या डब्यासोबत एक धडा घेऊन उतरायची.

मागच्या धड्यात भंते म्हणाले होते, “मिश्र वाक्यात एक वाक्य आपल्या पायावर उभं असतं. दुसरं त्याच्या कडेवर. कडेवरचं एकटं खाली ठेवलं, की ते उभं राहत नाही.”

हे तिला चटकन कळलं. लेकुरवाळीला कडेवरचं काय समजवावं लागतं? जोडायचे शब्द तर तिनं भाकरी थापता थापताच पाठ करून टाकले.

“म्हणून दाखवू?”

“दाखव.”

“व्हेन, बिकॉज, इफ, दो, अनलेस, हू, विच.”

कुठं म्हणून अडखळली नाही. मान जरा वर गेली.

“एखादं वाक्य?”

“व्हेन द बेल रिंग्ज, द बॉय रन्स.”

“बरोबर आहे. कोण हा मुलगा?”

“पुस्तकातला.”

“तुझ्या ओळखीचा?”

ती खुदकन हसली. “नाही जी. आमच्या घरी कोण येते…”

हसू तिथंच विझलं. भंत्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि पिंपळाच्या पारावर येऊन बसले.

“घरी कोणाशी बोलतेस?”

“सम्यकाशी. इंग्रजीतच. शाळेतल्या मॅडमनं पालकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं, घरी मराठी बिलकुल बोलू नका, लेकरं मागं पडतात. त्या दिवसापासून एक शब्द मराठीचा काढला नाही मी तिच्यासमोर. पुसा कोणालेही.”

“आणि ती?”

“पयले हसे. मंग यस, नो करे. आता…”

“आता?”

“आता मान हालवते जी.”

वाऱ्यानं दोन पानं पुन्हा झाडलेल्या जागेवर आणून टाकली. पंचशीलानं ती उचलून बाजूला टाकली.

“परवा गुडघा फोडून आली. मी म्हटलं, व्हॉट हॅपन? तर म्हणते, फॉल. मी म्हटलं, हाऊ? तर उगीच पाहत राहिली माझ्याकडं. अन् थोड्या वेळानं पाहते तर शेजारच्या बकरीजवळ बसून सगळं सांगून राहिली तिले. कोणी ढकललं, कशी पडली, कोण कोण हासलं. मी दाराआड उभी. बकरीले सांगते, मायले नाही सांगत.”

“तू बाहेर का नाही आलीस?”

“येऊन कोणत्या भाषेत बोलू? मराठीत बोलली तर पोरगी माझ्यासारखी सातवीत अटकून राहील. अन् इंग्रजीत तर माझ्याजवळ सिट अन् ईट. म्हणून तर म्हणते, मोठं वाक्य द्या. लवकर द्या, भंतेजी. पोरगी हातची चालली.”

भंत्यांनी वर पाहिलं. सूर्य पिंपळाच्या शेंड्यावर आला होता.

“आज मी सम्यका,” ते म्हणाले. “घरी वाढतेस तसं वाढ.”

“तुम्ही? सम्यका?” तिनं तोंडाला पदर लावला. “केस तरी पायजे होते जी, वेण्या घातल्या असत्या.”

भंतेही हसले. मग मांडीवर हात ठेवून, समोर भिक्षापात्र मांडून, लहान मूल बसतं तसे बसले.

पंचशीलानं डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला.

“ईट.”

भंते बसून राहिले.

“ईट फास्ट.”

…

तिनं डबा बोटभर पुढं सरकवला. “गुड गर्ल. ईट.”

भंत्यांचे हात मांडीवरून हलले नाहीत. डोळे तेवढे तिच्याकडं.

आधी तिला गंमत वाटली. मग राग आला. मग सावलीकडं लक्ष गेलं. माध्यान्ह टळली की भिक्षू दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. आणि हातानं वाढल्याशिवाय तर कधीच उचलून घेत नाहीत. एवढी वर्षं डबा आणते, आणि आज नुसता पुढं ठेवून दिला! सावली पायाशी गोळा होत आलेली…

“अवो भंतेजी!” तिनं दोन्ही हातांनी डबा उचलला. “जे वांगे मी काल परसातून तोडले, कारण बाजारातले तुमाले पचत नाही असं तुम्हीच मागं बोलले होते, ते निखाऱ्यावर भाजून, थंडे होऊ नये म्हणून पदरात गुंडाळून एवढी टेकडी चढून आणले, अन् आता जर तुम्ही नाही जेवले, तर उद्यापर्यंत तुमच्या पोटात काय राहील या घोरानं मलेच घास उतरायचा नाही, तवा घ्या जी, रागवा मंग, पण पयले घ्या!”

बोलता बोलताच भरीत, भाकरी, ठेचा, सगळं पात्रात पडलं होतं. तिला दम लागला होता.

भंत्यांनी पात्राला हात लावला. पहिला घास घेतला. सावकाश चावला.

पंचशीला मटकन खाली बसली. पदरानं मान पुसली. मग, धडा आठवल्यासारखं, तिनं हळूच विचारलं, “आत्ता मी जे बोलली… ते इंग्रजीत कसं म्हणायचं, भंतेजी?”

भंत्यांनी हातातला घास तसाच पात्रात ठेवला.

“अशा वाक्यासाठी सम्यका कधीपासून उपाशी आहे, बाई?”