शांतीच्या माशाची काच

डोक्यावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न मासा घरात शांती आणतो, अशी हूल उठली आणि कासारवाडीत घरोघरी त्याची पैदास सुरू झाली. सरपंच हिंदुराव अण्णांना तर टाक्या मांडायला मुलांचं वाचनालयच हवं होतं. ते चालवणारी शर्वरी किल्ली घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांच्या ओसरीवरच्या टाकीत नर-मादीच्या मध्ये काच होती.

"अण्णा, ही कशाला?"

"काढली तर नर मादीला जिवंत सोडायचा नाही, पोरी."

"मग आधी त्यांच्याच संसारात शांती नांदू द्या. काच काढाल त्या दिवशी किल्ली तुमची."

ओसरीवर जमलेल्यांत खसखस पिकली. काच काही निघाली नाही. वेड मात्र ओसरलं. दिवाळीपर्यंत रिकाम्या टाक्या वाचनालयात आल्या. आता त्यांत पुस्तकं नांदतात, मध्ये काच न घालता.